आमच्या संस्थेतली शांतता

आमच्या संस्थेत शांतता असायची आणि मला तिचा अभिमान होता. पाहुणे आले की हमखास म्हणायचे, “एवढी माणसं राहतात, पण गडबड म्हणून नाही.” बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांची ती निवासी संस्था. उमेदीची सगळी वर्षं मी तिथे अधीक्षिका म्हणून काढली. फरशी लख्ख, चादरी धुतलेल्या, नोंदवह्या पूर्ण, गोळ्या वेळेवर. तपासणीला अधिकारी यायचे आणि चांगला शेरा लिहून जायचे. मी निवृत्त झाले तेव्हा सत्कार झाला, भाषणं झाली. त्या भाषणांत खोटं काही नव्हतं. पण माझ्या हातून जे चुकलं आणि ज्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, ते त्या दिवशी कुणी बोलणार नव्हतं. ते मीच लिहायला हवं.

नावं मी घेणार नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांतले काही आता हयात नाहीत. जे आहेत त्यांना “तुमचं नाव लिहू का?” असं विचारून त्यांचा होकार-नकार नीट समजून घ्यायचा, तर त्यांच्या रोजच्या सहवासात असावं लागतं. तेवढी मी आता जवळ नाही.

प्रौढांच्या निवासाचा प्रश्न तसा फार जुना नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान १९८३च्या सुमारास अमेरिकेतसुद्धा जेमतेम २५ वर्षं होतं. आज ते ६०च्या घरात आहे. औषधोपचार सुधारले आणि मुलं आईबापांच्या मागे उरायला लागली. विशेष शाळा अठराव्या वर्षापर्यंत असते. पुढे एखादी कार्यशाळा मिळाली तर पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या करणं चालू राहतं, नाहीतर माणूस घरात बसतो. आई-वडील थकतात, भावंडांचे संसार वेगळे होतात. “आमच्या मागे याचं कसं होणार?” हा प्रश्न मी प्रवेशाला आलेल्या जवळजवळ प्रत्येक आईच्या तोंडून ऐकला. बदलापूरची ‘आधार’ किंवा डोंबिवलीजवळच्या खोणी गावातलं ‘घरकुल’ अशी घरं याच प्रश्नातून पालकांनी एकत्र येऊन उभी केली. आमची संस्था विश्वस्तांची होती, पण दारात येणारी माणसं तीच होती.

अशीच एक आई प्रवेशाच्या दिवशी वही घेऊन आली. शाळेची दोनशे पानी वही. मुलगा पन्नाशीला टेकलेला, आई पंच्याहत्तरीच्या पुढची. वहीत तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: चहा बशीत ओतून द्यावा, कपाने पीत नाही. भात कालवून पुढे ठेवला की स्वतःच्या हाताने जेवतो, भरवायला गेलं की तोंड फिरवतो. ढग गडगडले की हात धरून बसावं लागतं. आंघोळीला पाणी एकदम डोक्यावर घेऊ नये, खांद्यापासून सुरुवात करावी. दुखलं-खुपलं तर सांगत नाही, उजव्या कानाची पाळी चोळत बसतो.

मी ती वही चाळली, “काकू, किती छान लिहिलंय” म्हणाले, आणि त्याच्या फायलीला लावून कपाटात ठेवली.

त्या रात्री त्याला भरवलं गेलं, कारण नव्या माणसाला पहिले काही दिवस भरवायची आमच्याकडे पद्धत होती. सकाळी सगळ्यांसारखं त्याच्याही डोक्यावर पाणी ओतलं. तो ओरडला, त्याने मावशीचा हात झटकला. नोंदवहीत लिहिलं गेलं: ‘आंघोळीला विरोध करतो.’ खाली माझी सही आहे.

पन्नास वर्षांचं ज्ञान त्या बाईने माझ्या हातात दिलं होतं. ते ज्याच्या हातात जायला हवं होतं तो माणूस न्हाणीघरात होता आणि वही कार्यालयात होती. आमच्याकडे वाचन एकीकडे चालायचं आणि काम दुसरीकडे. हे मला त्या वेळी खटकलंसुद्धा नाही.

बाकीचा दिवसही असाच आमच्या सोयीने आखलेला होता. रात्रपाळीची माणसं सातला घरी जायची, म्हणून आंघोळी पाचला सुरू व्हायच्या, थंडीतसुद्धा. संध्याकाळी भांडी घासून बाई वेळेत सुटावी म्हणून साडेसहाला जेवणं. आठला दिवे बंद. पन्नाशीची माणसं रात्री आठला अंथरुणात पडून छताकडे बघत राहायची. स्वीडनच्या बेंग्त निर्ये यांनी १९६९ सालीच मांडून ठेवलं आहे की, या माणसांच्याही दिवसाला, आठवड्याला, वर्षाला इतर चारचौघांच्या आयुष्यासारखी लय असली पाहिजे. हे मी प्रशिक्षणात शिकले होते, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. त्या उत्तराचा आणि आमच्या पाच वाजताच्या आंघोळीचा काही संबंध आहे, असं मला कधी वाटलं नाही.

बायकांचे केस आम्ही सरसकट कापायचो. उवा होतात, विंचरायला वेळ लागतो, हे कारण. ‘आक्का’ असं सगळे जिला म्हणायचे ती आली तेव्हा तिची लांब वेणी होती. तिची आई रोज तेल लावून घालून द्यायची. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती कापली. नंतर कितीतरी दिवस आक्काचा हात मानेमागे जायचा आणि बोटं हवेत पेड घातल्यासारखी हलायची. मी म्हटलं, विसरेल. तिने पुढे हात न्यायचं सोडलं, आणि तिला सवय झाली असं मी धरून चालले.

१९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढली गेली. महिला संघटनांनी त्यावर आवाज उठवला, वर्तमानपत्रांत रान उठलं. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता ठेवता येत नाही, हे कारण पुढे केलं गेलं होतं. मला ती बातमी वाचून संताप आला. आमच्याकडेही काही पालक दबक्या आवाजात विचारायचे, “ताई, कुठे करून देतात का हो?” मी ठाम नकार द्यायचे. पण नकार दिल्यावर त्या मुलींना पॅड कसं बदलायचं, कुठे टाकायचं, हात कसे धुवायचे, हे शिकवायला कुणाला तरी बसवायला हवं होतं. ते मी केलं नाही. त्या दिवसांत आम्ही त्यांना मागच्या खोलीत ठेवायचो. वेणी कापणं आणि गर्भाशय काढणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते मी पुसत नाही. पण ‘सांभाळणाऱ्याचं काम सोपं व्हावं’ हे कारण दोन्हीकडे एकच होतं, आणि त्यातलं माझं मला दिसलं नाही.

आता वहीवाल्या माणसाकडे परत येते, कारण एक फार मोठी चूक त्याच्याबाबतीत झाली.

त्याला तरुणपणापासून फिट यायच्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांत साधारण पाचातल्या एकाला अपस्माराचा त्रास असतो, त्यामुळे आम्हाला त्यात नवल नव्हतं. फिनिटॉइनची गोळी वर्षानुवर्षं चालू होती. या औषधाने हिरड्या वाढतात, दातांवर चढतात, मग दात नीट साफ होत नाहीत आणि आतून किडतात. हे मला माहीत होतं. संस्थेत येऊन दीड-दोन वर्षं झाल्यावर तो मुठीने स्वतःच्या उजव्या गालावर मारून घ्यायला लागला. आधी रात्री, मग दिवसाही. ताट ढकलून द्यायचा. एकदा शेजारी बसलेल्याला चावला.

मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा यायचे. एवढ्या माणसांत एकेकाला ते किती वेळ देणार? आम्ही सांगू त्यावरच त्यांचं निदान चालायचं. मी सांगितलं, “अलीकडे आक्रमक झालाय, स्वतःला मारतो.” रिस्पेरिडॉन सुरू झालं. पुढच्या महिन्यात मी म्हटलं, “थोडा फरक आहे, पण अजून मारतोच.” मात्रा वाढली. तो गप्प झाला. दिवसभर पेंगायचा, तोंडातून लाळ गळायची, चाल आखडली, वजन वाढलं. मी नोंद केली: ‘वर्तनात सुधारणा.’

त्याच सुमारास एका दुपारी आमच्या वॉर्डातल्या मावशी कार्यालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ताई, त्यो डाव्या अंगानंच चावतोय. भाकरी तशीच ठेवतोय ताटात, नुसती आमटी पितोय. दात बघा की त्याचा.”

मार्च महिना होता. टेबलावर अनुदानाचे हिशेब पसरले होते. मी मान वर न करता म्हटलं, “डॉक्टर बघून गेलेत, मावशी.”

त्या “बरं” म्हणून गेल्या.

त्या एका वाक्यापाशी मी आजवर अनेकदा थांबले आहे. दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे गाडी लागणार, सोबत दोन माणसं लागणार, म्हणजे त्या पाळीत दोन माणसं कमी. खुर्चीत तो बसणार नाही, भूल द्यावी लागणार, म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरला जमणार नाही, जिल्ह्याला न्यावं लागणार. ही सगळी कारणं खरी होती आणि त्यांतलं एकही पुरेसं नव्हतं. शिवाय एक कारण असं होतं, जे मी स्वतःशीही बोलले नव्हते. डॉक्टरांची पदवी मोठी होती आणि मावशी चौथी शिकलेल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटं पाहिलं होतं आणि मावशींनी त्याला दोन वेळा जेवताना रोज पाहिलं होतं. मी पाच मिनिटांवर विश्वास ठेवला.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याला ताप भरला, जबडा सुजला, डोळा झाकला गेला. जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. दाढेच्या मुळाशी गळू होऊन पू हाडापर्यंत गेला होता. बरेच दात काढावे लागले. तिथल्या शल्यचिकित्सकांनी विचारलं, “हे किती महिन्यांचं दुखणं आहे?” मी परत आल्यावर नोंदवही काढली आणि ‘गालावर मारून घेतो’ ही पहिली नोंद शोधून तिथून पानं मोजत आले. प्रत्येक पानावर माझी सही होती.

जखम भरल्यावर गालावर मारणं थांबलं. गोळी हळूहळू कमी करून बंद केली. चाल सुधारली. ओठांची आणि जिभेची एकसारखी चाळवाचाळव मात्र राहून गेली. या औषधांचा असा परिणाम काही जणांत कायमचा राहतो. आई भेटायला आली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला विचारलं, “कान चोळत नव्हता का हो तो? मी लिहून दिलं होतं.”

तो चोळत होता. त्याच्या कानाची पाळी लाल झालेली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. मी काकूंना तसं सांगितलं, आणि वही मी कुणाला दिलीच नव्हती हेही सांगितलं. त्यांनी मला बोल लावला नाही. “आता तरी द्या,” एवढंच म्हणाल्या.

माणसाला बौद्धिक अक्षमता आहे म्हटलं की त्याचं प्रत्येक दुखणं त्या अक्षमतेच्याच खात्यावर टाकलं जातं. रडतो, मारतो, जेवत नाही, तर तो तसाच आहे, असं म्हणून सगळे मोकळे होतात. ही चूक जगभर होते. ब्रिटनमध्ये मेन्कॅप या संस्थेने २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत दगावलेल्या अशा सहा माणसांच्या हकिकती त्यात आहेत. त्यांतला एक माणूस पक्षाघातानंतर रुग्णालयात २६ दिवस अन्नावाचून पडून होता. तज्ज्ञ, परिचारिका, यंत्रं सगळं तिथे होतं. हे वाचून माझं ओझं हलकं झालं नाही. उलट साधनं वाढली की हे आपोआप टळेल, हा भ्रम गेला.

ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयाची गोष्ट २०११ साली बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने जगासमोर आणली. तिथे बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या माणसांना कर्मचारी मारत होते, जमिनीवर दाबून धरत होते. पुढे ११ जणांवर गुन्हे सिद्ध झाले, सहा जण तुरुंगात गेले. मला त्यातलं मारहाणीइतकंच दुसरं काही लागलं. तिथल्या एका ज्येष्ठ परिचारकाने आधीच वरिष्ठांकडे आणि नियामक यंत्रणेकडे तक्रार केली होती, आणि ती कुणी मनावर घेतली नव्हती. आमच्याकडे मारहाण नव्हती. पण खालून वर आलेलं बोलणं वर पोचल्यावर विरून जायचं, ते दोन्हीकडे सारखंच होतं.

देणगीदारांच्या जेवणांबद्दल लिहिलं नाही तर हे लिखाण अर्धवट राहील. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली. वर्षातले बहुतेक दिवस कुणाच्या ना कुणाच्या नावाने गोड जेवण असायचं. देणाऱ्यांचा भाव खरा होता आणि संस्थेचा शिधा वाचायचा, म्हणून मी एकालाही नाही म्हटलं नाही. जिलेबी, गुलाबजाम, श्रीखंड. ज्यांची वजनं गोळ्यांनी आधीच वाढलेली, डाऊन सिंड्रोममुळे ज्यांची थायरॉइड मंदावलेली, त्यांच्या पानात रोज हे. मधुमेही वाढत गेले. तरीही मी त्याला आहाराशी जोडलं नाही, वयाशी जोडलं.

शिवाय पाहुणे आल्याशिवाय पंगत सुरू करायची नाही, हा नियम. एकदा बाराचं जेवण पाहुण्यांना उशीर झाला म्हणून दीडवर गेलं. सगळे वाढलेल्या पानांसमोर हात जोडून बसले होते. त्यांतल्या एका बाईंना मधुमेहाची गोळी वेळेवर दिली होती. जेवण वेळेवर नव्हतं. साखर उतरून त्या पानावरच कोसळल्या. मी तेव्हा फाटकाशी पाहुण्यांच्या स्वागताला उभी होते. साखरपाणी दिल्यावर त्या सावरल्या. त्यानंतर मी नियम बदलला: घड्याळात बारा वाजले की जेवण, पाहुणे आलेले असोत वा नसोत, आणि गोड फक्त रविवारी. दोन जुन्या देणगीदारांनी येणं सोडलं. विश्वस्तांच्या बैठकीत मला त्याचा जाब विचारला गेला. मी उत्तर दिलं, पण ती बाई कोसळेपर्यंत थांबायचं मला काय कारण होतं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक प्रसंग. आमच्याकडच्या एका पुरुषाची आई महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची, सोबत बेसनाचे लाडू. एकदा त्याच्या भावाचा फोन आला. आई गेली होती. भाऊ म्हणाला, “त्याला सांगू नका ताई. त्याला काय कळणार, उगाच त्रास होईल.” मी लगेच “बरं” म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. हे त्याला सांगायचं कसं, हे मला ठाऊक नव्हतं आणि आता सांगायची गरजच उरली नव्हती.

पहिला रविवार आला. तो आंघोळ करून, भांग पाडून फाटकाजवळच्या पायरीवर बसला. संध्याकाळी आम्ही म्हटलं, “येईल हं पुढच्या वेळी.” पुढच्या महिन्यातही तेच. मग तो रोज बसायला लागला. जेवण सुटलं, अंथरूण ओलं व्हायला लागलं. फायलीत त्याचंही ‘वर्तन’ झालं.

मध्यंतरी भाऊ काही कागदांवर सही करायला आला होता. तो गेल्यावर आक्का माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “ह्याची आई मेली ना? मग सांगा की त्याला.” मी दचकून विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, “भावाचं डोकं बघितलं मी.” भावाचे केस अजून नीट वाढले नव्हते. ज्या बाईची वेणी आम्ही तिला काही कळणार नाही असं समजून कापली होती, तिने मुंडण केलेल्या डोक्यावरून मृत्यू ओळखला होता. आणि एखाद्या माणसाला त्याच्या आईचं जाणं सांगितलं पाहिजे, हेही तिला माझ्याआधी कळलं होतं.

भावाला बोलावून घेतलं. आम्ही तिघं बसलो. मी साध्या शब्दांत सांगितलं: आई आजारी होती, आई वारली, आता ती येणार नाही. तो रडला, भावाला बिलगून रडला. मग त्याने विचारलं, “मला का नाही नेलं?” दहाव्याला तो नव्हता, तेराव्याला नव्हता. आईच्या फोटोला हार घालताना घरातली लहान मुलंसुद्धा होती आणि तिचा थोरला मुलगा आमच्या पायरीवर बसून होता. वर्षश्राद्धाला भावाने त्याला घरी नेलं, पण जे दिवस गेले ते भरून देता येत नाहीत. पायरीवर बसणं बातमी कळल्यावर काही आठवड्यांतच थांबलं. त्याला न कळलेलं काहीच नव्हतं. आम्ही त्याला कळू दिलं नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुचिता श्रीवास्तव खटल्यात असा निर्णय दिला की, चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. तिला मूल हवं होतं, आणि तिचं म्हणणं न्यायालयाने ऐकलं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तर ही माणसं कायद्यापुढे इतरांच्या बरोबरीची आहेत हे स्पष्टच लिहिलं. पालकत्व द्यायचंच झालं तर ते मर्यादित असावं आणि निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून घ्यावेत, असं त्यात आहे. हा कायदा आला तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. मी तो वाचत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर एकेक चेहरा येत होता. ज्यांना मी कितीतरी वर्षं कधी विचारलं नव्हतं की, आंघोळ सकाळी हवी की संध्याकाळी, शेजारी कुणाला झोपवायचं, आज भाजी कोणती करायची.

दाताच्या प्रकरणानंतर मी काही गोष्टी बदलल्या होत्या. त्या वहीतली पानं झेरॉक्स करून न्हाणीघराच्या आणि जेवणघराच्या कपाटांच्या आतल्या बाजूला लावली. प्रत्येकासाठी तसं एक पान घरच्यांकडून, नाहीतर मावशींकडून विचारून तयार केलं. ज्या मावशींना वाचता येत नव्हतं त्यांना पाळी बदलताना मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं. मावशींना ठरावीक माणसं वाटून दिली, म्हणजे कुणीतरी एक जण प्रत्येकाला नीट ओळखेल. दर तीन महिन्यांनी दात, वजन, पोट साफ होतं की नाही, हे पाहायला लागलो. गोळी वाढवण्याआधी दुखण्याचा शोध घ्यायचा, असा दंडक घातला. मुळशीतल्या कोळवणला ‘साधना व्हिलेज’ पाहायला गेले. स्कॉटलंडमध्ये सुरू झालेल्या कॅम्पहिल चळवळीपासून प्रेरणा घेतलेली ती वसाहत. तिथे ही माणसं छोट्या घरांतून कार्यकर्त्यांच्या सोबतीने राहतात. तसं आमच्या एका मोठ्या इमारतीत करणं शक्य नव्हतं, पण दोन दालनांच्या चार खोल्या करणं शक्य होतं. ते केलं. आंघोळीची वेळ मोकळी सोडली. आक्काने केस वाढवले.

संस्थेत गडबड वाढली. भाजीवरून वाद व्हायचे, कुणी रात्री दहापर्यंत टीव्ही बघत बसायचं, कुणी मला तोंडावर “नाही” म्हणायचं. एक विश्वस्त म्हणाले, “पूर्वी इथे किती शांत असायचं.” त्या जुन्या शांततेत गोळ्या होत्या, कंटाळा होता, आणि आपलं बोलणं कुणी ऐकणार नाही हे कळून गप्प झालेली माणसं होती. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही.

आता कुणी आपल्या मुलासाठी किंवा बहिणीसाठी संस्था बघायला निघालं की मला सोबत बोलावतात. मी फरशी बघत नाही. कार्यालयात बसून न राहता जेवणाच्या वेळी जाते आणि एखाद्या मावशींना विचारते, “यांना काय आवडत नाही?” उत्तर चटकन आलं तर पुढचं बोलणं करते. मावशी इथे किती वर्षं आहेत, तेही विचारते.

हे शेवटचं विचारायला मला आमच्याच मावशींनी शिकवलं. दाढेचं दुखणं ज्यांनी ओळखलं होतं, त्या पुढच्याच वर्षी संस्था सोडून गेल्या. शहरातल्या एका घरी आजारी म्हातारीला सांभाळायचं काम मिळालं, पगार आमच्यापेक्षा बराच जास्त होता. मी त्यांना थांबा म्हणाले, पण थांबवण्यासारखं माझ्या हातात काही ठेवलं नव्हतं. त्यांच्याबरोबर सात-आठ माणसांची ओळख निघून गेली: कोण कशाला घाबरतं, कोण काय खातं, कुणाचं दुखणं कसं दिसतं. नव्या बाई आल्या, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मधल्या काळात पुन्हा दोघांच्या गोळ्या वाढल्या.

त्याच वर्षी आम्ही वरचा मजला बांधला. इमारतीसाठी देणगी मागणारी पत्रं मी स्वतः लिहायचे आणि पैसे यायचे. देणाऱ्याचं नाव संगमरवरावर कोरता येतं. मावशींच्या पगारासाठी मी एकदाही कुणाला पत्र लिहिलं नाही. मिळणार नाही असं धरून चालले, मागून पाहिलंच नाही. माझ्या सगळ्या चुकांमध्ये ही मी सगळ्यात मोठी मानते. माणसाला ओळखणारं माणूस त्याच्याजवळ टिकलं असतं आणि त्याच्या शब्दाला माझ्या टेबलावर किंमत असती, तर वर लिहिलेल्यांपैकी बहुतेक गोष्टी घडल्याच नसत्या.